बावीस दात्यांची चकरी

मारोती नावाचा माणूस गुरुपादप्पाला खरा किती माहीत होता, असं कुणी विचारलं असतं तर दोन वाक्यांपुढे त्याला काही सांगता आलं नसतं. ओळख पाच महिन्यांची, तीही सायकलीपुरती. मारोतीच्या डाव्या पायाची पोटरी मनगटाएवढी होती, तो तळवा पायडलवर वाकडा बसायचा, मिनिटाला पन्नास फेरे तो पाय घ्यायचा आणि त्यापुढे चुकायचा, हे गुरुपादप्पाला पक्कं ठाऊक. पण त्याला हसू कशाचं येई, राग कुणाचा येई, घरी तो किती बोलायचा, यातलं काही ठाऊक नाही. बायकोचं नाव पारूबाई, हे एकदा बोलण्यात आलं. मूलबाळ होतं की नाही, ते गुरुपादप्पाने कधी विचारलं नाही. अशा माणसाबद्दल सांगायचं तर जास्त ओळखीच्या कुणी सांगावं. पण तसं कुणी पुढे आलं नाही, म्हणून जेवढं आहे तेवढं.

गुरुपादप्पाचं सायकलचं दुकान मुरुडला, बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला होतं. सकाळी विभूती लावून तो दुकान उघडायचा आणि दिवस मावळेपर्यंत वाकून बसायचा. बोलणं कमी. लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. उस्मानाबादला जाणारे कागद लातूरला जाऊ लागले होते, कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगवल्या होत्या, आणि पावसाने ओळीने दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. लोक दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलत. कुणी म्हणे, "जिल्हा आला अन् पाणी गेलं." ऐकणारा मान हलवे.

त्या वर्षी मुरुडातल्या सगळ्या सायकलींना एकच काम होतं. मागच्या कॅरिअरवर तेलाचे दोन पत्र्याचे डबे, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेले, आणि डब्यांत पाणी. माणसं सायकलीवर बसण्यापेक्षा तिला ढकलतच जास्त नेत. गुरुपादप्पाकडे मोडलेले स्पोक आणि वाकलेले कॅरिअर यायचे. हौसेने घंटी बसवून घ्यायला कुणी आलं नाही.

मारोती आला तो माघात. दोन डबे लावलेली सायकल ढकलत आला, भिंतीला टेकवली आणि म्हणाला,

"अप्पा, ह्याचं फ्रीव्हील काढून टाकायचंय."

"खराब झालं?"

"खराब न्हाई. नकोच हाय मला ते."

गुरुपादप्पाने मान वर केली. फ्रीव्हीलमुळेच तर पाय थांबवले तरी सायकल पळत राहते. ते नको म्हणणारा माणूस त्याने पहिल्यांदा पाहिला.

मारोतीने धोतर जरा वर घेऊन पाय दाखवला. लहानपणी ताप आला, तेव्हापासूनचा. "उजवा पाय दाबतो," तो म्हणाला. "डावा नुसता वर येऊन बसतो. तिथनं फुडं सरकतच न्हाई. मग खाली उतरा, ढकला. लातूरला सर्कस आल्ती, बगितली का तुम्ही? त्यातल्या माणसाची सायकल मागंबी जायची. पायडल कदीच थांबत न्हवतं. चाक फिरतंय तवर पायडल फिरतंय. माझा डावा पाय चाकच फिरवून आणील की, अप्पा."

गुरुपादप्पाने मागचं चाक बोटाने फिरवून पाहिलं. बोलणं बरोबर होतं. मागच्या चाकाला साधी घट्ट चकरी असेल तर चाक चेनला ओढतं, चेन पायडलला, आणि पायडल पायाला.

"सर्कशीतला माणूस रिंगणात फिरतो," तो म्हणाला. "तू रस्त्यानं जाणार. उतारावर पायडल थांबणार न्हाई. सायकल तुला फिरवंल."

"फिरवू द्या. आजवर म्याच तिला फिरवलं, ढकलून."

मग त्याने खरं काय ते सांगितलं. लातूरच्या एका कचेरीत टंचाईच्या कामासाठी शिपाई भरणार होते. टँकरच्या फेऱ्यांचे तक्ते गावागावांतून गोळा करून आणायचे. जागा चार, सहा महिन्यांसाठी, पुढे कायम होण्याची शक्यता. सातवी पास पाहिजे, मारोती आठवी होता. आणि सायकल चालवता आली पाहिजे. त्याची परीक्षा होणार. पारूबाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. मारोतीही गेला होता, पण पाटी डोक्यावर घेऊन बांध चढणं त्याला जमेना, मुकादमाने तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून तो फक्त पाणी आणायचा. त्याचं गाव मुरुडपासून पाच किलोमीटर, तिथल्या विहिरी तळाला गेलेल्या.

"ही जागा भेटली न्हाई तर?" गुरुपादप्पाने विचारलं.

"तर मग गाव सोडायचं. मेव्हणा नांदेडला हाय."

हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी बसची वेळ सांगावी.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. मुरुडच्या नळावर दुपारी पाण्याचा नंबर लागायचा, डबे भरून तो दुकानापाशी यायचा, तोवर गुरुपादप्पाचं गिऱ्हाईक ओसरलेलं असायचं. तो बाहेरच्या लाकडी खोक्यावर बसायचा. स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणायचा. गावाबाहेरच्या बौद्धवाड्यातला तो. पण त्या वर्षी सगळेच आपलं पाणी आपण आणत होते, त्यामुळे तो बाटली कशासाठी आणतो हे कुणी कुणाला विचारायची वेळ आली नाही. गुरुपादप्पाच्या बायकोने, रत्नम्माने, आतून चहा पाठवला की तो प्यायचा आणि कप बाटलीतल्या दोन घोटांनी विसळून ठेवायचा. "ठेव की तसाच," गुरुपादप्पा म्हणायचा. तो विसळूनच ठेवायचा.

लातूरच्या लेथवाल्याकडून गुरुपादप्पाने तीन साध्या चकऱ्या आतून आटे पाडून आणल्या: अठरा दात्यांची, वीस दात्यांची आणि बावीस दात्यांची. पुढचं चेनव्हील चव्वेचाळीसचं. उलट्या जोराने चकरी सुटू नये म्हणून वरून दुसरी कडी आवळायची. डाव्या पायडलला एका जुन्या दप्तराचा चामडी पट्टा शिवला. त्यात पाऊल अडकवलं की पाय सुटणार नाही.

गुरुपादप्पाची मोजायची रीत साधी होती. पायडलचा एक पूर्ण फेरा करत सायकल ढकलायची, जमिनीवर खडूने सुरुवात आणि शेवट मारायचा, आणि मधलं अंतर टाच-अंगठा जोडत आपल्या पावलांनी मोजायचं. बावीसची चकरी लावली की एका फेऱ्यात सायकल साडेसतरा पावलं जायची. वीसची लावली की एकोणीसच्या थोडी वर. अठराची लावली की साडेएकवीस.

"म्हणजे अठरालाच पळंल," मारोती म्हणाला.

"पळंल, पण जड जाईल. दाते कमी तेवढा पायावर भार जास्त. तुला एका पायानं दाबायचंय."

"अन् बावीसला?"

"हलकी. चढाला बरी. पण तेवढंच अंतर जायला पाय जास्त फिरवावे लागतील."

मग त्याने मागचं चाक अधांतरी धरून मारोतीला बसवलं. डाव्या पायडलला पांढरी चिंधी बांधली आणि घड्याळ हातात घेऊन फेरे मोजले. चाळीस, पंचेचाळीस, पन्नासपर्यंत पाय सरळ फिरला. त्यापुढे टाच दांड्याला लागू लागली, गुडघा बाहेर जाऊ लागला. तीनदा मोजलं. तीनदा तेच.

"पन्नास," गुरुपादप्पा म्हणाला.

"मार्कं कमी पडली का हो?"

"पास झालास. बस."

तो हसला असेल. गुरुपादप्पाचं लक्ष चिंधी सोडवण्यात होतं.

परीक्षा कशी असते हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मुरुडातून अर्ज भरलेली आणखी दोन पोरं होती, त्यांनी ऐकून आणलं की चढावर सायकल चालवायला लावतात आणि पाय टेकला की बाद. कुणी सांगितलं, कचेरीची पिशवीही पाठीवर देतात. मारोतीला धास्ती चढाचीच होती. त्याच्या गावाच्या वाटेवर ओढा होता, अलीकडे उतार आणि पलीकडे लांब चढ. गुरुपादप्पा दिवस मावळायच्या आत त्याच्याबरोबर तिथवर चालत जायचा आणि चढाच्या माथ्यावर दगडावर बसायचा. मारोती खाली जायचा तो हळूहळू, पायाने पायडल रोखत, डब्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून. मग चढ.

अठराच्या चकरीवर तो अर्ध्यातही आला नाही. विसाच्या चकरीवर शेवटच्या वळणाला पाय टेकायचा. चार दिवस केलं, चार दिवस तिथेच पाय टेकला. पाचव्या दिवशी गुरुपादप्पाने बावीसची लावली. मारोती वर आला, थांबला नाही, त्याच्या समोरून पुढे गेला आणि लांबूनच ओरडला,

"आलो की, अप्पा!"

"दिसलं. ओरडू नको, दम पुरंल न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. ठरलं. बावीस.

वैशाखात परीक्षा झाली. गुरुपादप्पाने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. रत्नम्मा म्हणाली, "तुमची हाय का परीक्षा?" तो पहिल्या बसने लातूरला गेला. मारोती आदल्या दिवशीच सायकलवर जाऊन कुणा ओळखीच्याकडे उतरला होता.

कचेरीच्या पटांगणात साठ-सत्तर माणसं आपापल्या सायकली घेऊन उभी होती. व्यंकटराव नावाचे कारकून टेबल टाकून बसले होते, भला माणूस, उन्हाने कावलेला. त्यांनी वाचून दाखवलं: शहराबाहेरच्या रस्त्याने पाच किलोमीटरच्या दगडापर्यंत जायचं, तिथला शिपाई हँडलवर खडूची खूण करेल, परत यायचं. वाटेत उतरायचं नाही. दहा किलोमीटर, चाळीस मिनिटं. पाच-पाच जण सोडणार.

चाळीस मिनिटं हा शब्द गुरुपादप्पाच्या कानात गेला. वेळेचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने मनात हिशेब धरला: साडेसतरा पावलांचा एक फेरा, दहा किलोमीटर, चाळीस मिनिटं. मिनिटाला साठाच्या जवळ फेरे होत होते. पन्नासच्या वर.

त्याने मारोतीकडे पाहिलं. मारोती रांगेत होता. चकरी बदलायला हत्यारं नव्हती, आणि दुसऱ्या दोन चकऱ्या मुरुडला खिळ्याला टांगलेल्या होत्या.

तो रस्त्याने पुढे चालत गेला. दीड-दोन किलोमीटरवर मोरी होती, तिच्या आधी उतार आणि पुढे चढ. तो मोरीच्या कठड्यावर बसला. मारोतीची तुकडी येताना दिसली. चार जण पुढे, मारोती मागे, आणि त्याचे पाय गरागरा फिरत होते. मागून सुटलेल्या तुकडीतल्या एका पोराने त्याला गाठलं आणि जाता जाता म्हटलं,

"काका, मशीन शिवता का काय? माझी बी एक पैरण घ्या की शिवायला!"

उतार लागला. पुढच्या चौघांनी पाय थांबवले आणि सायकली सोडून दिल्या. मारोतीला पाय थांबवता येत नव्हते. पायडल त्याला फिरवू लागलं, डावा गुडघा बाहेर पडला, आणि पट्ट्याची शिवण उसवली. पाऊल सुटलं. मोकळं पायडल दोन-तीनदा नडगीवर आपटलं. तो उतरला नाही. उजव्या पायाने रोखत, हळू करत, हाताने डावा पाय उचलून पुन्हा पायडलवर ठेवला. गुरुपादप्पासमोरून जाताना त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. नडगीवरून रक्त खाली येत होतं.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा दिसला तेव्हा मोरीच्या शहराकडच्या बाजूचा चढ त्याच्यासमोर होता. ज्याच्यासाठी दोन महिने घालवले तसाच चढ. मारोती गुरुपादप्पासमोरून गेला आणि तो चढू लागला, जणू चढ नव्हताच. दम लागलेला नव्हता, उजव्या पायाला काही जड गेलंच नव्हतं. तो पाठमोरा वर जात असताना गुरुपादप्पाला त्याच्या पाठीमागचं कॅरिअर दिसलं. रिकामं. डबे नव्हते.

दोन महिने त्याने जी सायकल मोजली होती, ती पाण्याची सायकल होती. दोन डब्यांचं वजन घेऊन चढणाऱ्या माणसासाठी त्याने चकरी निवडली होती. रिकाम्या सायकलीवर मारोती विसाने आरामात चढला असता, अठरानेही चढला असता, आणि अठराने मिनिटाला सत्तेचाळीस फेऱ्यांत वेळ गाठला असता. पण त्या वर्षी रिकामी सायकल कुणी पाहिलीच नव्हती. डबे हा सायकलीचाच भाग वाटावा, इतकी सवय झाली होती. ते उतरवून बघावं हे त्याला सुचलं नाही, मारोतीला सुचलं नाही, रोज जाता-येता बघणाऱ्या मुरुडातल्या कुणालाच नाही.

त्याला स्वतःचा राग यायला हवा होता. तो कठड्यावर बसून राहिला. कठडा तापलेला होता, तेवढं कळत होतं.

त्रेचाळीस मिनिटं झाली. गुरुपादप्पा परत पोचला तेव्हा व्यंकटराव मारोतीच्या पायाकडे बघत होते.

"पाय असा आहे, तर अर्जात लिहायचं नाही का हो?"

"इचारलं न्हाई कुणी."

"लिहिलं असतं तर वर विचारता आलं असतं काही. आता वेळ लिहून झाली." त्यांनी पेन खाली ठेवलं, मग उचललं. "पाण्याने धुऊन घ्या ते. आत माठ आहे."

"ऱ्हाऊ द्या, साहेब. वाळलं."

दोघं बसस्टँडपर्यंत चालत गेले, मधे सायकल. गुरुपादप्पा म्हणाला, "माझं चुकलं. पाण्यासकट मोजलं मी."

मारोतीने मान हलवली. "हाव," तो म्हणाला. "डबे व्हते न्हाई का रोज." मग म्हणाला, "माझ्या तरी कुठं ध्यानात आलं. पाठीवर माझ्याच व्हते."

"उद्या ये. अठराची लावून देतो. पुन्हा कधी भरती निघाली तर..."

"नको, अप्पा. बावीसच ऱ्हाऊ द्या. पाणी तर आणायचंच हाय."

चूक मान्य करूनही ती दुरुस्त करायला मिळाली नाही. त्या कामाला तीच चकरी बरोबर होती. मारोती त्यानंतरही रोज डबे घेऊन दुकानावरून जायचा, ओढ्याचा चढ न उतरता चढायचा, आणि मुरुडातली माणसं म्हणायची, "अप्पानं काय सायकल बनवून दिलीय लंगड्याला!" गुरुपादप्पा ते ऐकायचा आणि स्पोक आवळत बसायचा. मुरुडातल्या त्या दोन पोरांपैकी एकाला जागा मिळाली. तो टँकरचे तक्ते घेऊन दुकानापुढून जायचा, हवा भरून घ्यायचा. चांगला पोरगा होता.

मृग कोरडा गेला. आषाढात मारोतीने गाव सोडलं. नांदेडला मेव्हण्याने त्याच्यासाठी एका सिनेमाच्या सायकल स्टँडवर काम बघितलं होतं, बसून बिल्ले द्यायचं. पारूबाई आधीच गेली होती. गुरुपादप्पाला हे सगळं त्याने दुकानाच्या दारात, तीन वाक्यांत सांगितलं.

तिसऱ्या वर्षी त्याच्या गावचा एक जण पंक्चर काढायला आला. त्याने बोलता बोलता सांगितलं की मारोती गेला, नांदेडलाच, काविळीने, होळीच्या सुमाराला. गुरुपादप्पाच्या हातात ट्यूब होती. त्याने ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, आणि तिथे पेन्सिलीने खूण केली. "अन् बायको?" त्याने विचारलं. त्या माणसाला माहीत नव्हतं. गुरुपादप्पाने ठिगळ लावलं, दाबून धरलं, जेवढा वेळ धरायचं त्यापेक्षा बराच जास्त वेळ. गिऱ्हाईक म्हणालं, "चिकटलं असंल की, अप्पा." तेव्हा त्याने अंगठा काढला.

आणखी काही तरी बोलणं झालं असावं, असं त्याला पुढे बरेचदा वाटलं. निरोपाचं काही, माफीचं काही. आठवून बघितलं तर तसं काहीच नव्हतं. आषाढातल्या त्या दुपारी मारोती सायकल घेऊन दारात उभा होता, पिशवी हँडलला.

"कितीची गाडी?" गुरुपादप्पाने विचारलं होतं.

"दोनची. अप्पा, सायकल टपावर टाकू देत्यात का हो?"

"देतात. हँडल आडवं करून बांध. चेनची बाजू वर ठेव."

"बरं."

"जेवलास का?"

"हाव. तुमी?"

"व्हायचंय अजून."